खरी माणसं, खोटा नळ

सर, तुमच्यावर चिडलोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, पण चिडलोय. राजारामपुरीतल्या तुमच्या गणिताच्या क्लासात रविवारी फळ्यावर चादर टांगून तुम्ही आम्हाला युद्धानंतरच्या इटलीतले सिनेमे दाखवायचात. मी दहावीला आपटलेला, नुसता पंख्याखाली बसायला यायचो. एकदा मागनं ओरडलो, "सर, ह्यात हिरो कुठाय?" तुम्ही सिनेमा थांबवलात. "गप बस की लेका. रस्त्यावरची खरी माणसं हायत ती. खऱ्या माणसाला उभं केलं की कॅमेऱ्याला खोटं बोलता येत न्हाय." तेवढं एक वाक्य घेऊन मी गळ्यात कॅमेरा अडकवून गावोगाव हिंडतोय.

आणि परवा मोबाइलवर भलतंच काहीतरी शोधताना कळलं, की तुमच्या त्या सिनेमावाल्यांतल्या एकानं आधी, युद्ध चालू असताना, हुकूमशहाच्या आरमारासाठी फिल्म केलेली. त्यातही नट नाहीत. खरं जहाज, खरे खलाशी, खऱ्या नर्स. आणि सांगणं काय, तर लढाई झकास चाललीय! म्हणजे खरी माणसं उभी करायची विद्या तो तिथंच शिकला. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? का ठाऊक असून गिळलंत?

मला हे आधी कळायला हवं होतं, सर. गेल्या आठवड्यात मुरगूडकडच्या एका गावात मी एका पुढाऱ्याच्या पाणीयोजनेची फिल्म केली. म्हटलं, नटी नको, गावातली बाई पाहिजे. तुमचाच चेला! दारात नवा कोरा नळ, पाणी मात्र कधीच आलेलं नाही. बाई म्हणाल्या, "पानी येतंय म्हणून सांगू व्हय? मग आधी सोडा की!" पुढाऱ्याच्या माणसानं भिंतीमागं टँकर लावून पाइप जोडला. बाईंना सगळं दिसत होतं, पण नळ फुसफुसून धो धो लागला आणि त्या आम्हालाच विसरल्या. घागर, बादली, भगुनं, हाताला येईल ते लावत शेजारणीला हाका मारायला लागल्या, "अगं ये की लवकर, पानी हाय तवर!" खळखळून हसत होत्या. बाई खरी, घागर खरी, हसू खरं, पाणीसुद्धा खरं, आणि फिल्म साफ खोटी. आवाज काढून वर गाणं टाकायचं ठरलेलं. उद्या त्या पाण्यासाठी भांडायला गेल्या, की हीच फिल्म त्यांच्या तोंडावर मारणार, "ह्या तुम्हीच न्हवं का?" तेव्हा काय बोलायचं त्यांनी?

पुढाऱ्याचा माणूस सकाळपासून फोन करतोय. शेवटी बाईंचं ते हसतानाचं दृश्य अख्खं कापून मी फिल्म पाठवली. "आरं, नुसता नळ काय दाखवतोयस? बाई कुठाय?" म्हणून ओरडला. मी म्हटलं, बाई न्हाय मिळायची, आणि फोन ठेवला.

पण ते दृश्य पुसलेलं नाही, सर. हे लिहिताना मध्येच उठून परत बघितलं. आजवर मी काढलेल्यातलं तेच सगळ्यात भारी आहे, आणि एवढा चिडूनही वाटतंय, तुम्ही ते एकदा बघावं आणि शाबास म्हणावं.