खुर्चीवर बसून हार

नाशिक, १८ नोव्हेंबर २००३

डॉक्टर म्हणाले, खुब्याचा सांधा बदलला की दुखणं थांबेल. पण माझं वय चौतीस. नवा सांधा जन्मभर पुरेलच असं नाही, पुढे पुन्हा बदलावा लागेल. आणि मांडी घालून खाली बसायचं नाही. कधीच नाही.

संध्याकाळी शेवंतीचे हार ओवताना सगळ्यांना सांगितलं. धाकटी जाऊ म्हणाली, "अहो ताई, मग खुर्चीवर बसून ओवा की, राणीसारखं! आम्ही खालून फुलं देतो." बायका हसल्या, मीही हसले.

पण खुर्चीवर बसलं की गप्पा खालीच राहणार. हे गेल्यापासून हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नाही. फुलांच्या ढिगाभोवतीच तेवढी मी सगळ्यांत असते, गुडघ्याला गुडघा लावून. तेही सोडायचं?

मग ऑपरेशन नकोच करायला? आज उठताना भिंत धरून किती वेळ उभी होते. कुणी पाहिलं नाही. हे असते तर न विचारता हात दिला असता.

करून घेते. जावेला मात्र सांगणार आहे, खुर्ची नको, बाकडं आण. बाकड्यावर दोघी मावतात. बसेल ना ती?