समुद्रगौरीच्या डोक्यावरची अक्षरं

रत्नागिरी,
आषाढातला कुठलासा गुरुवार (कॅलेंडरची पानं दमटपणाने एकमेकांना चिकटली आहेत, तेव्हा तारीख तूच घाल)

रा. रा. बाबू पेंटर, मुक्काम खारघर, यांस धोंडू पेंटरचा रत्नागिरीहून कोपरापासून नमस्कार.

वयाने तू माझ्याहून किंचित थोरला, म्हणून सुरुवात आदराने केली. एवढ्यावर समाधान मान, यापुढे अरेतुरे आहे. तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? निलेश आणि सूनबाई तुला वेळेवर जेवायला घालतात हे मला ठाऊक आहे, पण तू ते वेळेवर जेवतोस का, हे विचारायला सौ. यमुनेने बजावलं आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. माझी साखर थोडी वर गेली होती, तिचं कारण पुढे ओघात येईल. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर "हां, हां, बरं" एवढंच बोलून ठेवतोस, म्हणून हे पत्र. पत्राला हां हां म्हणता येत नाही.

तर गंमत अशी झाली की म्हातारपणी मी पुन्हा धंद्याला लागलो. दचकू नकोस, शिडीवर चढलो नाही. आपल्या बुरोंडीच्या मुंबईकर मंडळींनी ठरवलं की यंदाचा मेळावा हॉल घेऊन न करता कॉम्प्युटरच्या आत करायचा, म्हणजे आखातात असलेले, बोटीवर नोकरीला असलेले, सगळे येतील. त्यासाठी आमच्या ईशाने (ती हल्ली घरूनच काम करते, आणि काम काय करते ते मी विचारणं सोडून दिलं आहे) कॉम्प्युटरमध्ये अख्खी बुरोंडी उभी केली. खोटं गाव, पण समुद्र आहे, वाळूवर ओढलेल्या होड्या आहेत, विहीर आहे, माडसुद्धा हलतात. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून त्यात शिरायचं. आपलं एक बाहुलं तिथे चालतं आणि आपण बोललो की ते बोलतं. माझ्या बाहुल्याला ईशाने भरपूर केस दिले आहेत. यमुना त्याच्याकडे बघते तसं तिने माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

ईशा मला म्हणाली, "बाबा, गाव झालं, पण कुठली होडी कुणाची ते कळत नाही. खऱ्या नावांचं काम तुम्ही आणि बाबूकाकांनी केलं होतं, आता इथेही तुम्हीच करा." तुझं नाव तिने घेतलं म्हणून मी हो म्हणालो. मला वाटलं पाटी रंगवायची असेल. तर तसं नाही. तिथे पाटीच नसते. अक्षरं वस्तूच्या डोक्यावर हवेत नुसती तरंगत राहतात, ना खिळा ना दोरी. करायचं एवढंच की त्या वस्तूच्या पोटात एक चिठ्ठी टाकायची, तिला स्क्रिप्ट म्हणतात. चिठ्ठीत लिहायचं की बाई गं, तुझ्या डोक्यावर ही अक्षरं धर, ह्या रंगाची, आणि इतकी ठळक. ती मुकाट्याने धरते. पण चिठ्ठीच्या ओळीला शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. नाही दिला तर होडी ढिम्म. बाबू, आपण एवढ्या होड्या रंगवल्या, अर्धविराम कधी एकीला तरी दिला का रे? पहिला अख्खा दिवस माझा त्या अर्धविरामात गेला आणि ईशा दर वेळी येऊन तो घालून जायची.

रंगाचं तर विचारूच नकोस. डबे नाहीत, टर्पेंटाइन नाही, वास नाही. तांबडा किती, हिरवा किती आणि निळा किती, हे शून्य ते एकच्या मधल्या आकड्यांत सांगायचं. मला आपला होडीवरचा पिवळा हवा होता, तर ईशा म्हणाली की तांबडा पूर्ण आणि हिरवा पूर्ण घाला. मी तिला सांगितलं की पोरी, तांबड्यात हिरवा मिसळला की शेणाचा रंग होतो, हे मी माझ्या हाताने शिकलो आहे आणि त्यासाठी बाबूकाकाच्या शिव्या खाल्ल्या आहेत. तिने आकडे घातले आणि माझ्या डोळ्यांदेखत झळझळीत पिवळा झाला. मी त्या रात्री जेवलो नाही. (म्हणजे जेवलो, पण भात परत घेतला नाही.)

सराव करायला ईशाने मला गावात एक घर दिलं होतं, बंद दाराचं. त्यातल्या कपाटांवर, पेट्यांवर मी मनाला येईल ते लिहून हात बसवत होतो. घराला भिंती होत्या, दार लावलेलं होतं, तेव्हा माणूस मोकळेपणाने लिहिणारच. आता मला कुणी सांगितलं नव्हतं की ही तरंगती अक्षरं भिंतीतून आरपार दिसतात. शिवाय त्यांची दुसरी खोड अशी की तुम्ही कुठूनही बघा, ती तोंड फिरवून तुमच्याकडेच बघतात. मेळाव्याच्या दिवशी माणसं गावात फिरायला लागली आणि माझ्या बंद घरावरून हसत हसत पुढे जायला लागली. यमुना माझ्या मागेच खुर्ची टाकून बसली होती. तिने चष्मा लावला आणि वाचलं. एका पेटीच्या डोक्यावर ठळक पिवळ्यात लिहिलं होतं, "पेढे. यमूला सांगू नये." ती उठली, खऱ्या घरातल्या खऱ्या पेटीकडे गेली, आणि परत येऊन पुडा माझ्या समोर कीबोर्डवर ठेवला. साखरेचं कारण म्हटलं होतं ते हे. हल्ली मला दुधीचा रस मिळतो.

पण खरा घोटाळा विहिरीवर झाला. मंडळाचे अध्यक्ष रघुनाथ भाटकर, म्हणजे आपला रघू, त्याने गावात विहीर बांधून दिली ती तुला माहीत आहे. तिच्यावर जरा भारदस्त मजकूर हवा असा त्याचा निरोप आला. मी लिहिलं, "ही विहीर मंडळाचे अध्यक्ष मा. श्री. रघुनाथ भाटकर यांनी बांधिली. गावाला दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही." (बांधिली हे मुद्दाम, जुन्या वळणाचं.) आता ह्या तरंगत्या मजकुराला जागा मोजकी असते. इंग्रजी अक्षर एक जागा खातं, आपलं मराठी अक्षर तीन खातं, आणि काना, मात्रा, उकार ह्यांचीही प्रत्येकी तीन. हे ईशाने मला नंतर समजावलं. जागा संपली की पुढचं सरळ कापलं जातं. इंग्रजीत म्हणे नकार वाक्याच्या मध्येच येऊन जातो. आपला बिचारा शेवटी येतो.

रघू आपलं बाहुलं घेऊन (कोट घातलेलं) विहिरीपाशी आला, मागे सगळा गाव. वर लिहिलेलं होतं की गावाला दिलेला शब्द त्यांनी मोडला. मंडळी शांतपणे वाचत होती. कुणीतरी आखातातून विचारलं, "कुठला शब्द रे रघू?" रघू अक्षरांच्या पुढे उभा राहून ती झाकायला बघत होता, पण ती त्याच्या डोक्यावरूनच दिसत होती, म्हणजे जणू त्याच्याबद्दलच लिहिली आहेत असं. (होतीच म्हणा.) मी घाबरून विहिरीच्या पोटातली चिठ्ठी काढून टाकली. अक्षरं जागेवर. चिठ्ठी गेली तरी वस्तू ऐकलेलं विसरत नाही, तिला नवी चिठ्ठी देऊन सांगावं लागतं की आता काहीही धरू नकोस. मला ते ठाऊक नव्हतं, मी विहीरच पुसायला निघालो होतो. शेवटी ईशाने येऊन नव्या चिठ्ठीत नुसती रिकामी अवतरणचिन्हं घातली आणि डोक्यावरचं गेलं. रघूने मोठेपणाने सोडून दिलं. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तो पाच मिनिटं नुसता हसत होता आणि मग म्हणाला की त्याच्या बायकोला ती पाटी तशीच हवी आहे.

आता जे सांगायचं म्हणून एवढा फेरा घेतला ते सांगतो.

मेळावा संपत आला तेव्हा बुरोंडीहून संदेश आत शिरला. संदेश म्हणजे सोनूबाईचा नातू. त्याने लॅपटॉप आजीच्या पुढे ठेवला होता आणि तिचं बाहुलं तोच चालवत होता. सोनूबाई आता फार थकली आहे, घरातून किनाऱ्यापर्यंतसुद्धा जात नाही. तिला तिच्या नवऱ्याची होडी बघायची होती. ती होडी मोडीत जाऊन जमाना झाला, पण ईशाने फोटोवरून केली होती, आणि तिच्यावर मी "समूद्रगौरी" असं नाव तरंगत ठेवलं होतं. (ऊकार दीर्घ पडला. तू शेजारी नसलास की माझे सगळे उकार दीर्घ पडतात.) संदेशने तिला होडीपाशी नेलं. म्हातारीने बाहुलं होडीभोवती एकदा फिरवून आणायला लावलं. आम्हाला वाटलं, ओळखली. मग तिचा आवाज आला, "होडी आमची हाय. नाव आमचा नाय."

संदेश म्हणाला, "आजी, समुद्रगौरीच लिवलंय."

ती म्हणाली, "मला वाचता येत नाय, म्हणून काय दिसत नाय काय? आमच्या नावाला खाली लाट व्हती. लाटंच्या शेवटाला मासा व्हता. बाबूने काडला व्हता. ह्यांनी त्याला चाय पाजली व्हती दोनदा."

बाबू, मेळाव्यातली सगळी बाहुली उभीच्या उभी राहिली. मला तर विसरच पडला होता. तू त्या "मु"चा उकार ओढत ओढत सगळ्या नावाखालून नेला होतास आणि शेवटी त्याला मासा केला होतास, आणि मी तुला म्हणालो होतो की फुकट रंग घालवतोस. त्या बाईने आयुष्यभर ते नाव वाचलं नाही, नुसतं पाहिलं, आणि समुद्रावरून परत येणाऱ्या होड्यांत तिची होडी ती त्या लाटेवरून ओळखायची. हे तिने सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या होड्या आधी दिसायच्या, मग लाट दिसायची, मग ती चूल पेटवायला घरी जायची. आमची हौसावहिनी आज असती तर तिने तुला हे दहादा ऐकवलं असतं, म्हणून तिच्या वतीने मी एकदा लिहितो आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी लाट करायला बसलो. तरंगत्या अक्षरांत लाट येत नाही. नावाखाली नागमोडी चिन्हं ओळीने टाकून पाहिली, तर गांडूळ झालं. ईशा म्हणाली की हाताने रंगवून द्या, मी फोटो काढून होडीच्या अंगावर लावते. म्हणून माळ्यावरून ब्रश काढले. आणि बाबू, तुला म्हणून सांगतो, यमुनेलाही नीट सांगितलेलं नाही. माझा उजवा हात हलतो. चमचा धरताना फारसं कळत नाही, ब्रश धरला की कळतं. लाट काढायला गेलो ती कुंपण झाली. मी तीन कागद फाडले आणि ब्रश धुऊन ठेवले. चिठ्ठ्यांमधली अक्षरं मला एवढी का आवडली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना हात लागत नाही.

बाकी क्षेम. पाऊस नेहमीसारखा आहे. निलेशला, सूनबाईंना आशीर्वाद सांग. यमुना म्हणते की तुझ्यासाठी फणसाची साठं वाळवून ठेवली आहेत, ती पोस्टाने पाठवणार नाही, कारण पोस्टाने साठं पाठवण्याइतका तू परका नाहीस.

तुझा,
धोंडू

ता. क. लाट आणि मासा एका कागदावर काढून पाठवलास तरी ईशाचं काम होईल. तेवढ्यासाठी काही यायला नको. प्रवास लांबचा, गुडघे तुझे असे.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. यमुनेने वाचला आणि मला विचारलं की खोटं कशाला लिहिता. तर खरं असं की संदेशने नवी होडी बांधली आहे, खरी, लाकडाची. मासेमारीची बंदी उठली की नारळी पौर्णिमेला पाण्यात घालायची. नाव समुद्रगौरीच. कुणीतरी त्याला छापील स्टिकर चिकटवायला सांगत होतं. ती होडी तू रंगवावीस. डबे मी धरीन, ते डाव्या हाताने धरता येतात. पावसात रंग सुकायला वेळ लागतो हे तुला सांगायला नको, तेव्हा निघायचं तर आता निघायला हवं. बुरोंडीचं काम झालं की आमच्याकडे यायचं, झोपायची सोय आमच्या पुढच्या खोलीत केली आहे आणि हौसावहिनी गेल्यापासून तू इकडे पाऊल टाकलं नाहीस, याबद्दल तुला कुणी एक अक्षर विचारणार नाही, हे मी घरात सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तू येतोयस असं मी सोनूबाईला सांगून टाकलं आहे. विचारायला हवं होतं, पण ती फोनवर रडत होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तिने नातवाला होडीच्या बाजूवरची जागा कोरी ठेवायला लावली आहे आणि बाबूने नाव घातल्याशिवाय होडी पाण्यात जाणार नाही असं सगळ्या गावाला सांगितलं आहे. तेव्हा तुझा नकार असेल तर तो मला कळवू नकोस, तिलाच कळव. फोनवर तिला आता अजिबात ऐकू येत नाही (तू येतोयस एवढंच काय ते ऐकू आलं), वाचता तर कधीच येत नव्हतं, म्हणजे बुरोंडीला जाऊन समोर बसून सांगावं लागेल. बुरोंडीला जायला दापोलीची गाडी पहाटेची आहे.