भाऊबिजेची पोरगी

डिंभे,
२० मे २००८

गुरुजी,

पत्रात आधी नमस्कार लिहायला तुमीच शिकवलं, म्हणून लिहिते. मनातनं येत न्हाई.

निवृत्तीच्या कार्यक्रमाला भारताची जर्सी घालून स्टेजवर बस, असा तुमचा निरोप मिळाला. कसली जर्सी? सतरा वर्षांखालच्या मुलींच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेसाठी माझी निवड झाली व्हती. मग निवड करणाऱ्यांनी शाळेचा दाखला बघितला. त्यावर माझा जन्म १ जून १९९०. १ जानेवारी १९९१ च्या आधी जन्मलेली चालत नव्हती; सात महिन्यांच्या फरकानं मी बाद झाले. संघाचा फोटो पेपरात आला, तवा मी खाचरात भात लावत व्हते.

पहिलीत नाव घालताना आईनं तुमाला सांगितलं व्हतं, "गुरुजी, हिला येत्या भाऊबिजेला पाच पुरी व्हतील." बोटावर मोजलं असतं तरी साल निघालं असतं. पण पोरं कमी पडली असती तर तुमची बदली व्हणार व्हती. तुमी हसून म्हणालात, "तारखेनं काय फरक पडतोय, बायडाबाई?" आन् मला सहा वर्षांची करून टाकलं.

कार्यक्रमाला मी येणार. आईला घेऊन येणार. स्टेजवर तिला बसवीन आन् माइक तिच्याच हातात दीन. पोरगी कवा झाली, ते ती सांगंल. या बारीला शेवटपर्यंत ऐका.

हे पत्र मी टाकत न्हाई. आधी कळलं, तर तुमी त्या दिशी आजारी पडाल.

तुमच्या दाखल्यापेक्षा दीड वर्षानं लहान,
यमुना बहिरू लोहकरे