चार नंबरच्या खोलीतला डबा

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

नवी वही. कारणही तसंच आहे. एप्रिलच्या मध्यावर मी बाप होणार आणि त्याआधी एक मोठा निर्णय घ्यायचा आहे.

शनिवारी हिच्या तपासणीला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळ जन्मल्यावर नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं. रक्ताच्या काही आजारांवर ते उपयोगी पडतं. खासगी बँकेत आपल्या बाळासाठी गोठवून ठेवता येतं, नाहीतर सार्वजनिक बँकेला दान करता येतं, मग ज्याला जुळेल त्याला ते मिळतं. काहीच केलं नाही तर वारेबरोबर कचऱ्यात.

ही जिना उतरता उतरताच म्हणाली की देऊन टाकू या. मी म्हटलं, अशा गोष्टी जिन्यात ठरत नसतात. शुक्रवारपर्यंत निर्णय देतो. अकरा वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. गोठवण्यातलं मला कोणी शिकवू नये.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय पुढच्या शुक्रवारी. आज तक्ता आखला. चौदा रकाने. उभ्या रेघा निळ्या, आडव्या लाल.

हिने विचारलं, पाळणा कधी जोडणार? पाळण्याचे भाग तीन आठवडे खोक्यातच आहेत, हे खरं. पण कामांना क्रम असतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खासगी बँकेची बाई घरी येऊन गेली. मी बावीस प्रश्न काढून ठेवले होते. जनरेटर बंद पडला तर काय, असं आजवर एकाही बापाने विचारलं नव्हतं म्हणे. बोलताना ती जरा थकलेली वाटली. लांबून आली असावी.

त्यांच्या टाकीत उणे एकशे शहाण्णव अंश असतात. माझ्या चार नंबरच्या खोलीत उणे वीस. क्षणभर वाईट वाटलं.

हिने मध्येच विचारलं की ठेवलेलं रक्त ज्याचं त्यालाच लागलं, अशी मुलं किती? बाईने पान उलटलं आणि एका हसऱ्या बाळाचा फोटो दाखवला. फोटो चांगला होता. ती गेल्यावर ही म्हणाली की डॉक्टरीणबाईंच्या मते पुष्कळ आजारांत स्वतःचं रक्त चालतही नाही, कारण दोष त्यातच असू शकतो. मी तो मुद्दा तक्त्यात घेतला. रकाना पंधरावा.

पण ती बाई ‘उद्या बाळाला काही झालं तर’ म्हणाली तेव्हा मी पुढचा प्रश्नच विसरलो. हे हिला सांगितलेलं नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ही म्हणते, गुरुवारी हॉस्पिटलमध्ये चल. थोडं रक्त तपासायला द्यायचं आहे, एका फॉर्मवर सही करायची आहे, दोन्ही घरांतल्या आजारांबद्दल विचारणार आहेत. नेमका गुरुवारी मटारचा ट्रक. म्हटलं, किरकोळ कागदपत्रं तू बघ, मोठा निर्णय मी बघतो. आमच्या घरातल्या आजारांची यादी टाइप करून दिली. आजोबांचं पित्तही सोडलं नाही.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने, बहुतेक.

५ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या आईबापांसाठी वर्ग होता. बाळंतपणाचा व्हिडिओ दाखवला. चौथ्या मिनिटाला मी जमिनीवर बसलो. खोलीत हवा कमी होती. फरशी गार होती, चांगल्या दर्जाची. सिस्टरने पाणी आणून दिलं. मी मागितलं नव्हतं.

घरी येताना हिने विचारलं की त्या दिवशी तू आत असशील ना? खरं सांग, जमणार नसेल तर आईला उभी करते. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला?

इथे लिहून ठेवतो. मी आत असणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत हिचा हात धरणार.

११ मार्च, बुधवार

निर्णय अजून विचाराधीन आहे, पण तयारी हवी म्हणून खासगी बँकेकडून रक्त गोळा करायचा डबा मागवून घेतला. आत पिशवी, नळी, सुई, चोवीस पानांची पुस्तिका. पुस्तिका रविवारी निवांत वाचेन.

डबा बघून ही म्हणाली की तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, आधी डबा सुरक्षित जागी जाऊ दे. लोक असल्या वस्तू कपाटात ठेवतात, कपड्यांच्या घडीखाली! मी तो सरळ कामावर नेला आणि चार नंबरच्या खोलीत, मटारच्या पोत्यांमागे, वरच्या फळीवर ठेवला. झाकणावर कंपनीने लाल अक्षरांत काहीतरी छापून नेमकी मोक्याची जागा अडवली होती. त्यावरच माझं लेबल चिकटवलं: ‘मानवी. हात लावू नये.’

फोर्कलिफ्टवाला तेव्हापासून चार नंबरच्या खोलीत पाय ठेवायला तयार नाही.

१५ मार्च, रविवार

सासूबाई राहायला आल्या. पुस्तिका वाचायची राहिली.

१९ मार्च, गुरुवार

तक्ता पूर्ण. एकतीस रकाने. बेरीज: ठेवणे १४८, देणे १४८. दोनदा तपासली.

सासूबाईंनी चष्मा लावून तक्ता वाचला. म्हणाल्या की आमच्या वेळी ते सगळं टाकूनच देत, आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. आता विचारतायत तर कुणाच्या तरी लेकराला लागू दे. यात एवढं आखायचं काय? त्यांचा अनुभव मोठा आहे, पण आकडेमोडीची सवय नाही.

हिच्या मताचाही एक रकाना आहे. त्याला दोन गुण दिले होते, आज तीन केले. ही हसली. ती हल्ली या विषयावर काही बोलतच नाही. माझ्यावर सोपवून मोकळी झाली असावी.

२ एप्रिल, गुरुवार

निर्णय झाला! निम्मं ठेवायचं, निम्मं द्यायचं. इतकं सोपं आजवर कुणाला सुचलं कसं नाही?

दुपारी खासगी बँकेच्या बाईला फोन केला. तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली की रक्त मुळातच जेमतेम वाटीभर निघतं.

३ एप्रिल, शुक्रवार

निर्णय पुढच्या शुक्रवारी. तारखेला अजून दहा-अकरा दिवस आहेत. पहिलं बाळ उशिराच येतं, असं सगळे सांगतात.

८ एप्रिल, बुधवार. सकाळी ८.१५

हॉस्पिटल. सहा वाजता आलो. कळा सुरू. मी शांत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की संध्याकाळ तरी होईल. हिने माझा हात इतका घट्ट धरला आहे की डाव्या हाताने लिहितोय.

८.५०

डबा! डबा कामावर आहे. निर्णय काहीही होवो, डबा इथे हवा. जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस. ही म्हणाली, जाऊ नकोस, त्या डब्याची गरज नाही. कळांमध्ये माणूस काहीही बोलतो. सासूबाईंना हिच्याजवळ बसवलं आणि निघालो.

९.३०

चार नंबरची खोली. फोर्कलिफ्टवाल्याने माझं लेबल बघून त्या फळीसमोर मटारची भिंतच उभी केली आहे, छतापर्यंत. फोर्कलिफ्ट आत आणायला तो तयार नाही. म्हणाला की साहेब, आत जे काय आहे ते तुमचं तुम्ही काढा. हातमोजे सापडत नाहीत. एकेक पोतं हाताने काढतोय.

११.४०

मुलगी.

अकरा वाजून दोन मिनिटांनी झाली. तेव्हा मी सिग्नलला होतो.

९ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.००

कालचं नीट लिहितो.

डबा छातीशी धरून धावत वर गेलो. डबा विटेसारखा कडक झाला होता, पिशवीतलं औषध गोठून पांढरं. सिस्टरने विचारलं, हे काय? मी म्हटलं, नाळेचं रक्त. ती म्हणाली की ते केव्हाच घेतलं, पिशवी बंद करून सार्वजनिक बँकेच्या माणसाकडे दिलीसुद्धा. मी म्हटलं, परवानगी कोणी दिली? तिने फॉर्म काढून दाखवला. सही हिची, तारीख २६ फेब्रुवारी, गुरुवार. सोबत माझी टाइप केलेली यादी पिनने जोडलेली, आजोबांच्या पित्तासकट. मी विचारलं, वडिलांची सही कुठे करायची? सिस्टर म्हणाली, यात आईचीच लागते.

मग तिने डब्यावरचं माझं लेबल नखाने सोलून काढलं. खाली लाल अक्षरं होती. खोलीच्या तापमानात ठेवा, फ्रीजमध्ये ठेवू नका, गोठवू नका. तिने ते मोठ्याने वाचलं. दोनदा.

एक सही शेवटी माझीही घेतली. डबा परत घेऊन जात असल्याबद्दल.

बाळाला हात लावला तर ते किंचाळलं. माझे हात बर्फ झाले होते. सिस्टरने मला बाहेर काढलं आणि सांगितलं की खोलीच्या तापमानाला आलात की आत या. बाकावर दोन्ही हात काखेत घालून बसलो. वीस मिनिटं. समोरून जाणारे लोक बघत होते.

तिथे बसल्यावर कळलं ते लिहून ठेवतो. त्या डब्याची खरंच गरज नव्हती, आणि हे मला काल निघताना जिना उतरतानाही माहीत होतं. मी घाबरलो होतो. हिला कळा येत होत्या आणि मला काहीही करता येत नव्हतं, म्हणून करण्यासारखं काहीतरी शोधलं आणि पळालो. पहिल्यापासून शेवटपर्यंत आत असेन म्हणालो होतो. तीन तासही नव्हतो.

आत जाऊन हिला हे सगळं सांगितलं. तिला माहीत होतं. तू काहीतरी काम काढशील म्हणून आईला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. फॉर्मचंही ती तीनदा सांगायला आली होती, पण दर वेळी मी तक्ता आणायला उठायचो. मग म्हणाली की राग आहे. आज नाही, पण आहे. घरी गेल्यावर बोलू. तरीही तू आत असायला हवा होतास, असं म्हणून तिने बाळ माझ्याकडे दिलं.

या वेळी बाळ रडलं नाही. माझं बोट धरून झोपलं. गरम आहे खूप. सिस्टरला विचारलं, छत्तीस पूर्णांक आठ. नोंद केली.

उद्या दोघी घरी येणार. पाळणा आज जोडतो. या वेळी पुस्तिका आधी वाचायची, पहिल्या पानापासून.

१० एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.२०

पाळणा सासूबाईंनी जोडला. मी सातव्या पानावर होतो.