केवळाच्या कानासाठी गेलेल्या घराबद्दल

अल्लाहचे नाव घेऊन मी, मलिका पाशामियाँ अत्तार, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका (विषय जीवशास्त्र), मूळ राहणार उदगीर, मधली बहुतेक वर्षे लातूर आणि आता पुन्हा उदगीर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी शाबूत नाही, म्हणून ही घाई. मला कोणी दमदाटी केलेली नाही की गोड बोलून फसवलेले नाही. मला फसवायला आलेला माणूस चहा पिऊन हात हलवत परत जातो, हे लातूरच्या ट्यूशन एरियात कोणालाही विचारावे. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द केले आहे. ते का रद्द केले, ते पहिल्याच कलमात येते.

कलम १. घर.

लातूरचे घर आता माझे नाही. ते मी जिवंतपणीच सत्यमला देऊन टाकले आणि त्याने ते विकले. माझ्यामागे कोणी घराचा विषय काढून एकमेकांची डोकी फोडू नयेत.

सत्यम कोण, हे कोर्टाला ठाऊक असण्याचे कारण नाही. भूकंपाच्या वर्षी मी किल्लारीला शाळेत शिकवत होते आणि केवळाबाईंच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. दगडमातीचे घर, वर माळवद. ते सगळे माझ्या अंगावर आले. केवळाबाई तान्ह्या नातवाला घेऊन अंगणात निजल्या होत्या म्हणून दोघे वाचले. मुलगा आणि सून आत होते, ते गेले. तशा अवस्थेत ती बाई ढिगाऱ्यावरून फिरत ओरडत होती, "कोन हाय आत? आवाज द्या! मास्तरीनबाई, आवाज द्या वो!" माझ्या हाताला ट्रंकेचे झाकण लागले. मी ते बडवत राहिले. जिथून आवाज येत होता तिथलेच दगड लोकांनी आधी उपसले. जिथे सगळे गप्प होते तिकडे लोक उशिरा पोचले.

तो तान्हा नातू म्हणजे सत्यम. पुढे मी लातूरला घर बांधले तेव्हा आजी-नातू माझ्याकडे राहायला आले, ते माझेच झाले. कागदावर तो माझा कोणी नाही. तो मला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. त्याची मुंज नाही की सुंता नाही, पण त्याच्या पहिल्या दाढीचे ब्लेड मी आणून दिले आहे. केवळाबाई गेल्या, आणि नंतर सत्यम आणि त्याची बायको पुनम यांना मुलगी झाली तेव्हा तिचे नाव केवळाच ठेवले.

पोर अशी गुणी की विचारू नका. शेजारी हॉस्टेल, त्यातली पोरे गणपतीत भिंती हलतील असे डीजे लावायची आणि ही आपली गाढ झोपलेली. येणारा-जाणारा कौतुक करून जाई. वर्ष उलटले तरी "आई" म्हणेना, तेव्हा सत्यम म्हणाला, "मी बी उशिराच बोललो म्हनं, आजी सांगायची." एका शेजारणीने पोपटाने टोचलेला पेरू आणून चाटवला, म्हणजे पोर पोपटासारखी बोलेल. एकट्या पुनमला चैन नव्हते. तिने एक दिवस पोरीच्या पाठीमागे परात आपटली. घरातले सगळे दचकले. पोर खेळत राहिली. पुनम माझ्याकडे आली आणि उभ्याउभ्याच रडायला लागली. "खाला, ही मला ऐकूनच न्हाई राहिली."

तपासणीत तेच निघाले. नांदेडची डॉ. पंचशीला, माझीच विद्यार्थिनी, हिने सांगितले की दोन्ही कान जन्मापासून बंद आहेत. बाहेरून लावायचे साधे यंत्र उपयोगाचे नाही. ऑपरेशन करून आत तार बसवायची आणि कानामागे काढता-घालता येणारे वेगळे यंत्र लावायचे, ते आवाजाची वीज करून तारेतून थेट कानाच्या नसेला देते. हैदराबादला होते. पण करायचे तर लवकर.

हे "लवकर" मी जन्मभर फळ्यावर शिकवले आहे. बाळाचा मेंदू घडताना निसर्ग गरजेपेक्षा जास्त पेशी तयार करतो. पुढे त्यातल्या कितीतरी आपोआप मरतात. ज्या पेशीत विजेची बारीक हालचाल चालू असते, जी शेजारणींना काही कळवते आणि त्यांचे ऐकते, तिला जगण्याचा निरोप मिळत राहतो. जी गप्प राहते ती जाते. तिचा काही दोष नसतो, तिला कोणी हाक मारलेली नसते. बंद कानाच्या वाटेवर तेच होते. आवाज नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून ती वाट मोडत जाते. मग मेंदू ती जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकतो. पुढे कितीही भारी यंत्र बसवले तरी ऐकणारे आत कोणी उरलेले नसते. मी हे शिकवू लागले की वर्गातून हमखास प्रश्न यायचा, "मॅडम, हे पेपरला येतंय का?" येत नव्हते. आमच्या घरी आले.

मी तडक मृत्युपत्र केले, घर केवळाच्या ऑपरेशनला. वकील मल्लिकार्जुन हाही माझा विद्यार्थी. जीवशास्त्रात नापास झाला म्हणून कायद्याकडे गेला आणि त्याचे भले झाले. तो काही दिवसांनी कागद घेऊन परत आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या शरियतीत मृत्युपत्रानं परक्याला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देता येत नाही. बाकीच्याला वारसांची संमती लागते, ती पण तुमच्या माघारी." मी म्हटले, माझ्या भावाचा मुलगा रिजवान हाच काय तो वारस, तो देईल संमती. तो चष्मा पुसत म्हणाला, "देतील. पण मॅडम, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. आणि तुम्ही अजून आहात."

एवढी वर्षे मुलांना शिकवले आणि नापास झालेल्या पोराने मला पेपर समजावून सांगितला. पोरीच्या कानातल्या पेशी माझ्या मरणाची वाट बघत बसणार नव्हत्या.

म्हणून हिबा करायचा, जिवंतपणी दान. सत्यम ऐकेना. "तुमच्या डोक्यावरचं छप्पर इकून माझ्या लेकराचा कान? न्हाई खाला. सरकारी योजनेत नाव घातलंय, येईल की नंबर." मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही. शेवटी म्हटले, "तुझ्या आजीने मला हुडकताना माझी जात, माझे वय, माझे भाडे काही विचारले नाही. पोटचे पोर आत गेलेले असताना ती मला हाका मारत होती. आता तू मला नाही म्हणणार?" पुनम म्हणाली, "मी हाव म्हनते, खाला. त्यांचं ऱ्हाऊ द्या."

हिब्याची एक रीत आहे. नुसते तोंडाने किंवा कागदावर देऊन चालत नाही, ताबा द्यावा लागतो. देणाऱ्याने सामानसुमान घेऊन घराबाहेर पडावे लागते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि किल्ली सत्यमच्या हातात दिली. माझे सामान भरलेला टेम्पो दारात होता. टेम्पो आणला होता माझा भाचा रिजवान याने, ज्याचा ते घर जाण्यात सगळ्यात मोठा तोटा होता. तो उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत करतो, बोलतो तेव्हा पलीकडच्या गल्लीला ऐकू येते. वाटेत तो म्हणाला, "फुप्पी, घर त्यांना आन् दवाखाना आमच्याकडं, ह्यो चांगला हिसाब हाय." उदगीरला पोचलो तर त्याची बायको हुस्ना हिने सकाळचे ऊन येणारी खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती. रिजवान, तुझे मी फार देणे लागते, आणि ते फेडण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. तू हे वाचताना ओरडू नकोस.

कलम २. बँकेतली शिल्लक.

तिचा तिसरा हिस्सा केवळाच्या यंत्राच्या बॅटऱ्या आणि दुरुस्तीसाठी. सत्यम आता तिला घेऊन नांदेडला राहतो, तिथे तिला बोलायला शिकवतात, आणि त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान कसेबसे चालते. बाकीची रक्कम शरियतीप्रमाणे रिजवानची. त्याने त्यातून मोंढ्यात उधारी वाढवू नये.

कलम ३. वस्तू.

शिलाई मशीन हुस्नाला. तिने ते आधीच आपले मानले आहे, पण कायदेशीर असावे. मेंदूचा प्लॅस्टरचा नमुना पंचशीलाला, त्याचा लहान मेंदू गोंदाने चिकटवला आहे, ओढू नये. माझी अत्तराची पेटी पुनमला. ट्रंक कोणालाही द्या, तिचे झाकण नीट लागत नाही.

कलम ४. जुना राग.

माझ्या आकृत्यांची पुस्तिका छापून मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो टाकणाऱ्या क्लासवाल्याला मी माफ केलेले नाही. त्याच्या पुस्तिकेत मेंदूची आकृती उलटी छापली गेली आणि एका अख्ख्या बॅचने ती तशीच पाठ केली, एवढ्यावर माझे समाधान आहे. माझ्या मयतीला तो आला तर पाणी द्यावे, चहा देऊ नये.

कलम ५. माझी मयत.

ऑपरेशन झाले. यंत्र सुरू केले त्या दिवशी पोर घाबरून रडली, पुनमही रडली. नंतर ते सगळे इकडे आले. रिजवान फोनवर तुरीच्या भावावरून कोणाला तरी फैलावर घेत होता. केवळा खेळता खेळता थांबली, मान वळवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. रिजवानने फोन खाली ठेवला. "फुप्पी! माझ्याकडं बघून राहिली! माझ्या आवाजाला!" त्या माणसाचे डोळे भरलेले मी प्रथम पाहिले. तेव्हापासून ती आली की तो मुद्दाम दारात उभा राहून भांडतो, आणि हुस्ना त्याला आत बोलावत नाही.

तर माझी शेवटची सूचना अशी. मयतीच्या घरात लोक कुजबुजतात, लहान पोरांना "चूप" म्हणून कोपऱ्यात बसवतात. कोणीतरी शहाणी बाई म्हणेल, पोर रडारड ऐकून भेदरेल, तिचे यंत्र काढून ठेवा. ते काढायचे नाही. ती जागी असेपर्यंत दोन्ही कानांची यंत्रे चालू राहिली पाहिजेत. जनाजा उठेल तेव्हा तिला बाजूच्या घरी नेऊ नये. ज्याला माझ्याबद्दल बोलायचे आहे त्याने तिच्यासमोर बोलावे, भांडायचे असेल त्याने भांडावे. सत्यम, तुला रडू येईल, तू लहानपणापासून उशीत तोंड खुपसून रडतोस. त्या दिवशी तसे करू नकोस. तिला मांडीवर घे आणि मोठ्याने रड. तिला ऐकू दे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, माझ्या मर्जीने खालील दोघांसमोर सही केले आहे.

सही: मलिका पाशामियाँ अत्तार

साक्षीदार:
१. ॲड. मल्लिकार्जुन बसवंत स्वामी, लातूर
२. डॉ. पंचशीला भीमाशंकर कांबळे, नांदेड

ठिकाण: उदगीर, जि. लातूर
दिनांक: १४ डिसेंबर २०१९