बॅगेत खार आहे

ठमे,

गॅलरीत उन्हात ठेवलेल्या तुझ्या बॅगेला हात लावू नकोस. चेन उघडी राहिली होती, आत खारीने संसार थाटलाय. तीन पिल्लं आहेत, अजून डोळेही उघडलेले नाहीत. गादीसाठी तिने आपल्या कुत्र्याच्या उशीतला कापूस पळवलाय. एरवी खार दिसली की घर डोक्यावर घेणारा आपला फौजदार, स्वतःची उशी रिकामी होताना हूं की चूं न करता बघत बसला. आता बॅगेसमोर आडवा पसरलाय. मी जवळ गेलो तर माझ्यावर गुरगुरला! ज्याच्या घरचं खातो त्याच्यावर! तो सामील आहे यात शंकाच नाही. मला विचारशील तर मी काही पाहिलेलं नाही.

त्याचं जेवण तिथेच नेऊन दे. कावळा आला तर तो बघून घेईल, तू आरडाओरडा करू नकोस. तुझा चहा झाकून ठेवलाय.

तुझ्या नोकरीचं पत्र आल्यापासून मी घुम्यासारखा वागतोय, ते मनावर घेऊ नकोस. पिल्लं मोठी होईपर्यंत ही बॅग काही मोकळी होत नाही आणि तुझी गाडी तर रविवारी आहे. म्हणून नवी आणायला बाजारात चाललोय. चाकांची आणतो. तिथे उचलायला मी नसणार.

तू जाणार हे फौजदाराला अजून सांगितलेलं नाही. ते तूच सांग. मला जमायचं नाही.

बाबा