देव्हाऱ्याचे उजवे दार आणि ओढायची करवत

मी, सरोजिनी श्रीधर रिसबूड, वय वर्षे ७४, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मराठीत लिहीत आहे. "माझ्या मराठीत" हे मुद्दाम लिहिले. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून लग्नापासून माझे धाकटे दीर दिगंबर मला "इंग्रजी शाळेतली सून" म्हणत आले. त्यांनी या कागदात ऱ्हस्वदीर्घाची चूक काढून दाखवावी. माझे डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे आणि कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघायला हरकत नव्हती.

कलम १. माझी राहती सदनिका दिगंबर यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी हेमा हिला द्यावी. आम्हाला मूलबाळ नाही. तिचे अर्धे बालपण इथेच गेले. अट एकच. मागची खोली ही माझी सुतारकामाची खोली आहे, तिची पाहुण्यांची खोली करू नये. पाहुणे हॉलमध्येही झोपतात. मी त्यांना घोरताना ऐकलेले आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवींपैकी निम्म्या हेमाला आणि निम्म्या मुलींना सुतारकाम शिकवणाऱ्या कोणत्याही शाळेला द्याव्यात. कारण असे. आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे मुलांची शाळा होती. दर बुधवारी तिकडे मुले करवत चालवत आणि इकडे आम्ही रुमालावर गुलाब भरत असू. मी खिडकीतून बघत बसे म्हणून माझा गुलाब कोबीसारखा झाला. सिस्टरने तो वर्गभर फिरवला. मी तेव्हाच ठरवले की एक दिवस लाकूड कापीन. तो दिवस यायला पन्नास वर्षे लागली, पण आला.

माझ्या निवृत्तीनंतर हेमाने जपानमधून, ओसाकाहून फोन केला, "काकू, येताना तुला शाल आणू का?"

"शाली सात झाल्या. लाकूड कापायचे काहीतरी आण."

तिने जपानी करवत आणली. पाते कागदासारखे पातळ, दोन्ही कडांना दात; एक बाजू लाकडाच्या रेषेबरोबर कापायला, दुसरी रेषेला आडवी. मूठ लांब, वेत गुंडाळलेली. आपली करवत ढकलताना कापते, ही ओढताना. पाते ओढताना ताठ राहते, म्हणून ते इतके पातळ चालते आणि चीरही केसासारखी पडते.

कलम ३. रंधे, पटाश्या, गुण्या, शिकंजे आणि सागवानाच्या उरलेल्या फळ्या लोणी काळभोरचे सुतार दत्तोबा यांना द्याव्यात. ते माझे गुरू आहेत आणि करवतीपुरते माझे शिष्य. पहिल्या दिवशी ती हातात घेऊन म्हणाले, "बाई, ही करवत उलटी हाय. दात आपल्याकडं तोंड करून बसल्यात." मग सवयीने जोर लावून ढकलली आणि नव्या पात्याला कायमचा बाक आला. मी हेमाकडून दुसरे पाते मागवले. ते आले तेव्हा दत्तोबा मांडी घालून बसले, लाकडावर पाय दाबला, हलके ओढले आणि म्हणाले, "लोण्यावाणी चाललीय की." खाली बसून पायाने लाकूड धरायचे त्यांनी मला शिकवले. विळीवर आयुष्य गेलेल्या बाईला त्यात काही नवे नव्हते. माझे गुडघे कुरकुरतात, पण करवत हातात असली की गप्प बसतात.

कलम ४. मी केलेले सहा चौरंग, अकरा पाट आणि एक जिना. जिना कुठेच जात नाही, तो सांधे शिकण्यासाठी केला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "गॅलरीतून भुसा पडतो" अशी नोटीस लावली होती, तो जिना त्यांना द्यावा. बाकी शेजारणींनी वाटून घ्यावे, भांडू नये. वरच्या मजल्यावरच्या उल्का, निवृत्त शिक्षिका, यांनी पहिला हात मारावा असे लिहिणार होते. पण त्यांना साक्षीदार केल्यामुळे काही देता येत नाही. त्यांचा नियम आहे की ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये. त्यांनी शाळेत तीस वर्षे परीक्षा घेतल्या, त्यामुळे मी वाद घातला नाही.

कलम ५. देव्हारा. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

रिसबुडांचा देव्हारा पेशवाईतला आहे असे दिगंबर सांगतात. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर असल्यामुळे पुरावा मागायची सोय नाही. थोरल्या मुलाकडे म्हणून तो माझे पती श्रीधर यांच्याकडे आला. २०१६ साली त्याच्या एका दाराला वाळवी लागली. श्रीधरना खिळा ठोकता येत नसे. मी रंधा मारताना ते शेजारी बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचत. ते म्हणाले, "तूच कर. बाहेरच्याला देवाच्या दाराला हात लावू द्यायचा नाही." जुन्या बाजारातून मोडलेल्या पलंगाचे सागवान आणले. याच करवतीने कापले, दोन महिने घेतले. चहाचे पाणी उकळून, फडक्याने सात हात देऊन रंग श्रीधरनी लावला. दार बसवले आणि तीन महिन्यांत ते गेले.

पुढच्या वर्षी गौरीजेवणाला पंचवीस माणसे बसली होती. दिगंबरभाऊजी देव्हाऱ्याच्या डाव्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे वहिनींचे जपानी काम. लगेच कळते, जीवच नाही लाकडात. श्रीधर असता तर हात लावू दिला नसता." मी वाटली डाळ वाढत होते, ती वाढून संपवली. मग आत गेले, ती ते जाईपर्यंत बाहेर आले नाही.

त्याला साडेसात वर्षे होत आली. शनीसुद्धा एवढ्यात निघून जातो. बोलणे बंद आहे, निरोप त्यांच्या पत्नी कुसुम यांच्यामार्फत चालतात.

आता कायदेशीर भाषेत नोंद करते. भाऊजी, तुम्ही बोट दाखवलेले डावे दार मूळचे आहे, तुमच्या पूर्वजांचे. उजवे माझे आहे. आणि त्यावरचा रंग श्रीधरचा आहे. हे तेव्हाच का सांगितले नाही? रागावले होते म्हणून. रागावलेल्या माणसाला पुरावा द्यायचासुद्धा कमीपणा वाटतो.

सदर देव्हारा दिगंबर रिसबूड यांना द्यावा. माझ्यामागे त्यांनी हे वाचावे आणि रोज पूजेला बसून दोन्ही दारे बघावीत.

कलम ६. वरील कलम लिहून दोन दिवस मी फार खुशीत होते. काल पाट घासताना लक्षात आले की ते हे वाचतील तेव्हा मी नसेन. त्यांचे तोंड बघायला मिळणार नाही. मग मी कुसुमला फोन केला.

"मला दुसरा साक्षीदार हवा आहे. भाऊजींना विचार. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हेही सांग. देव्हारा त्यांच्या नावे लिहिला आहे. आले तर तो जाईल, नाही आले तर राहील."

कुसुमने फोनवर हात ठेवला. मग म्हणाली, "वहिनी, ते विचारताहेत, पेन तिथे आहे की आणायचे?"

कलम ७. हे आज संध्याकाळी लिहीत आहे. उल्काबाई आधीच येऊन बसल्या होत्या. भाऊजी चारला आले. पेन घेऊन आले. खुर्चीवर बसून त्यांनी कलम ५ वाचले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग उठून देव्हाऱ्यापाशी गेले आणि दोन्ही दारांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे उजवे?"

"उजवे."

"आणि रंग श्रीधरने लावला?"

"सात हात. बोटे महिनाभर तपकिरी होती."

ते उजव्या दारापाशीच उभे राहिले. पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे ज्यासाठी बोलावले ते तोंड मला शेवटी दिसलेच नाही. मला त्याचे काही वाटले नाही. तिथूनच म्हणाले, "पंचवीस माणसे होती ना, वहिनी?"

"सव्वीस. कुसुमची मावशी उशिरा आली."

"सगळ्यांना फोन करावा लागेल."

"उद्या करा. आज साक्ष करायची आहे."

मग म्हणाले, "ती करवत बघू." मागच्या खोलीत फळीचा तुकडा दिला. इंजिनिअर असल्यामुळे सूचना न वाचता ढकलू लागले. मी आणि उल्काबाई एकदमच ओरडलो, "ओढा." त्यांनी ओढली. मूठ मागे धरा, जोर लावू नका, पाते आपले आपण पुढे जाते, रेघेवर नजर ठेवा, असे मी सांगत होते आणि ते शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. तुकडा पडला. मी काटकोन तपासायला गुण्या लावला. एक सूत वाकडा.

"नापास?" भाऊजींनी विचारले.

"पुढच्या रविवारी पुन्हा बसा."

सबब खोडाखोड न करता लिहिते की कलम ५ मधील देव्हारा दिगंबर यांच्याऐवजी हेमाला द्यावा, बाकी मजकूर तसाच राहावा. करवतीचे कोणत्याच कलमात लिहिलेले नाही, कारण ती आता माझी नाही. जाताना मी ती फडक्यात गुंडाळून भाऊजींच्या हातात ठेवली. रविवारी येताना आणायची आहे.

"साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणालात," ते म्हणाले.

"मृत्युपत्रातून नाही. मी अजून जिवंत आहे."

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: सरोजिनी श्रीधर रिसबूड
स्थळ: कर्वेनगर, पुणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

साक्षीदार १: उल्का अनंत गोळे. लिहिणारीचे डोके ठिकाणावर असल्याचे मी रोज जिन्यात ऐकते.

साक्षीदार २: दिगंबर गोपाळकृष्ण रिसबूड. सर्व वाचले. कलम ५ खरे आहे. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक सापडली नाही. तुकडा अर्धे सूतच वाकडा होता.